कालची खुर्ची

अवधूतराव बोरामणीकरांच्या इंग्रजीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. याचं एक कारण असं, की ते इंग्रजी फारसं कुणी ऐकलंच नव्हतं. ते कागदावर असायचं. नोकरीत होते तोवर कचेरीतलं कुठलंही अवघड पत्र फिरत फिरत त्यांच्या टेबलावर यायचं आणि ते त्याला असं काही उत्तर लिहायचे, की समोरचा पुन्हा पत्र पाठवायच्या फंदात पडायचा नाही. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले तेव्हा साहेब भाषणात म्हणाले होते, “बोरामणीकरांचा ड्राफ्ट म्हणजे डोळे झाकून सही.” हे वाक्य अवधूतरावांनी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलं, की जुळे सोलापुरातल्या शिवगंगा सोसायटीने त्यांना मानद सेक्रेटरीच करून टाकलं. माणूस नोटिसा लिहिण्यात गुंतला की जिन्यात लोकांना थांबवायचा नाही, असा त्यामागे हेतू होता. तो त्यांना कुणी सांगितला नाही.

तर अशा माणसाच्या बायकोने इंग्रजी शिकायला दुसऱ्याच्या दारात जावं. नाकाला किती मिरच्या झोंबल्या असतील, ते तुम्हीच समजून घ्या.

निमित्त ज्ञानदाच्या लग्नाचं. ज्ञानदा त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात नोकरीला होती, तिथंच एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा केरळचा, कोचीचा. वडील नाहीत, आई, विलासिनीबाई, नर्स होत्या, आता निवृत्त. माणसं सरळ, हुंड्याबिंड्याचं नाव नाही. लग्न सोलापुरात करायचं, मग पोरांनी कोचीला जाऊन सासूबरोबर राहायचं, असं ठरलं. अडचण एवढीच, की विलासिनीबाईंना मल्याळम यायचं आणि इंग्रजी. हिंदी अजिबात नाही. प्रभाताईंना, म्हणजे अवधूतरावांच्या बायकोला, मराठी यायचं, कामचलाऊ हिंदी यायचं आणि शेजारच्या गौरम्मांमुळे चार वाक्यं कन्नड. दोघी विहिणींना बोलायला एक इंग्रजीच उरत होतं, आणि ते एकीलाच येत होतं.

आणि प्रभाताई तर बोलणाऱ्या. मंगळवेढ्याच्या एसटीत शेजारी बसलेल्या बाईच्या सुनेचं बाळंतपण कुठं झालं, हे उतरेपर्यंत त्यांना कळलेलं असायचं, आणि त्या बाईला बोरामणीकरांच्या घरचा कुकर कुठल्या कंपनीचा ते. सकाळी दूध तापवताना सुरू झालेलं बोलणं दुपारी भांडी आवरेपर्यंत चालायचं. त्यात अवधूतरावांनी “हं” म्हणावं एवढीच अपेक्षा असे, आणि तेही ते पेपरामागूनच म्हणत.

“मला त्यांना फार काही सांगायचं नाही,” प्रभाताई नवऱ्याला म्हणाल्या. “आपली पोर आता कशी आहे आणि लहानपणी कशी होती, एवढं सांगता आलं तरी पुरे. पुढचं काय, ते त्यांच्याच हातात असणार की.”

“मी आहे की,” अवधूतराव पेपरामागून म्हणाले. “तुला काय सांगायचंय ते मला सांग. मी बोलेन.”

“अहो, हे आईनं सांगायचं असतं.”

“या वयात तुझ्या तोंडात आता क्रियापदं बसायची नाहीत, प्रभा.”

हे ते चेष्टेत बोलले. निदान पुढे त्यांनी स्वतःची समजूत तशी घातली.

प्रभाताई दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या हुस्नाकडे गेल्या. हुस्ना तिथं भाड्याने राहायची आणि एका शाळेत इंग्रजी शिकवायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग काकू, तुम्हाला आजचं आणि कालचं एवढंच पाहिजे. उद्याचं शिकायची मेहनत वाचली बघा.”

सोसायटीच्या हॉलमध्ये रोज चार वाजता शिकवणी सुरू झाली. प्रभाताई जातात म्हणून गौरम्मा गेल्या, गौरम्मा जातात म्हणून वरच्या मजल्यावरच्या बायका गेल्या, आणि बोरामणीकरांकडची भांडी घासून झाल्यावर फुलाबाई पण दाराशी टेकून बसायला लागली. हुस्नाची रीत न्यारी होती. व्याकरणाचं नावच काढायचं नाही. समोरासमोर प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या मांडायच्या. उजवी आजची, डावी कालची. आजचं काही सांगायचं असेल तर उजव्या खुर्चीत बसायचं, झालेलं काही सांगायचं असेल तर उठून डावीत. शरीर उठून तिकडं गेलं की क्रियापद पण मागोमाग जातं, असं तिचं म्हणणं. बायका सारख्या उठत होत्या, बसत होत्या, एकमेकींना धक्के देत हसत होत्या, आणि अधूनमधून इंग्रजी बोलत होत्या.

ही बातमी अवधूतरावांना चेअरमनकडून कळली. चेअरमन महादेवप्पा हे गौरम्मांचे यजमान, गुळाचे व्यापारी. “काय ओ सेक्रेटरी,” ते लिफ्टपाशी म्हणाले, “तुमच्या घरात इंग्रजीचं पोतं भरून हाय, आन वैनी खालून वाटीवाटीनं आणायलेत?”

अवधूतराव हसले. हसावं लागतं अशा वेळी.

“आन खरं सांगू का, इंग्रजीची गरजच न्हाय,” महादेवप्पांनी सल्ला दिला. “केरळ म्हंजे काय, कन्नडच की, जरा घाईघाईनं बोललेलं. वैनींनी नुसतं ‘ऊटा आयता’ म्हणावं. जेवलात का म्हणून इचारलं की सगळी दक्षिण खूश.”

त्या दिवशी चार वाजता अवधूतराव हॉलच्या खिडकीपाशी उभे राहिले. पाण्याच्या टाकीची पातळी बघायला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. टाकी गच्चीवर होती. आत प्रभाताई डाव्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि डोळे मिटून बोलत होत्या, “माय डॉटर स्मॉल. शी डार्क अफ्रेड. आय कीप लिटल लॅम्प. ऑल नाइट कीप.”

“शी वॉज स्मॉल, काकू. कालच्या खुर्चीत वॉज.”

“वॉज, वॉज. वॉज राहतोच माझा,” प्रभाताई हसत म्हणाल्या, आणि सगळ्याजणी हसल्या. फुलाबाईसुद्धा.

अवधूतरावांना वाटलं, आपली उभी हयात त्या खुर्चीत बसवून कुणीतरी तिच्यावर हसतंय. ज्याचा ड्राफ्ट डोळे झाकून सही व्हायचा, त्याची बायको डोळे झाकून चार वाक्यांत पाच चुका करते, तेही भरल्या हॉलमध्ये. प्रभा किती खुशीत आहे, हेही त्यांना दिसलं होतं. पण ते चिडलेले होते, आणि चिडलेल्या माणसाला दोन गोष्टी एकदम दिसत नाहीत.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. अवधूतरावांच्या हातून नियमाबाहेर कधी काही वाईट घडलंच नाही. दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली, ‘सोसायटीच्या मालकीच्या खुर्च्यांचा वापर अनधिकृत कारणासाठी होत असल्याचे निदर्शनास आले आहे.’ हुस्नाने रीतसर अर्ज दिला. तो ‘प्रयोजन स्पष्ट करावे’ असा शेरा मारून परत गेला. तिने लिहिलं, ‘बायकांना बोलायला शिकवणे.’ त्यावर शेरा पडला, ‘या सोसायटीत बायका बोलत नसल्याची एकही तक्रार प्राप्त नाही.’ मग भाडेकरू म्हणून घरमालकाची संमती लागली. मालक हैदराबादला. त्याने मोबाइलवर संमती पाठवली, तर मूळ प्रत हवी. तोवर बायका घरून आपापल्या खुर्च्या घेऊन खाली यायला लागल्या, तर लिफ्टमधून फर्निचर नेण्यास मनाई. गौरम्मा दोन मजले खुर्ची डोक्यावर घेऊन जिन्याने उतरल्या आणि वाटेत सेक्रेटरींना कन्नडमधून काहीतरी म्हणाल्या. ते ‘ऊटा आयता’ नव्हतं एवढं नक्की. शेवटी हॉलला रंग द्यायचा आहे म्हणून हॉललाच कुलूप लागलं.

रंग काही आला नाही. हुस्ना आली. दारातच उभी राहिली.

“काका, राहू द्या आता,” ती म्हणाली. “तुम्हाला शिकवणी नकोय असं नुसतं सांगितलं असतं, तरी मी बंद केली असती. एवढं लिहायची गरज नव्हती.”

एवढं बोलून ती गेली. अवधूतरावांना यावर शेरा सुचला नाही. ते घरात येऊन प्रभाताईंना म्हणाले, “उद्यापासून मी शिकवतो तुला. घरच्या घरी. व्यवस्थित.”

खरं सांगायचं तर प्रभाताईंना बरंच वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नवरा रोज तासभर पेपर बाजूला ठेवून समोर बसणार होता. त्यांनी जेवणाचं टेबल पुसून ठेवलं, शेंगदाण्याचे लाडू करून ठेवले. अवधूतराव आले ते पट्टी आणि लाल पेन घेऊन. पहिल्याच दिवशी त्यांनी कार्डबोर्डवर सगळ्या काळांचा तक्ता करून भिंतीला लावला.

“एवढे?” प्रभाताई म्हणाल्या. “मला दोनच पाहिजेत हो.”

“पाया पक्का हवा.” मग त्यांनी पद्धत समजावून दिली. वाक्य आधी कच्चं लिहायचं, त्यांच्याकडे सादर करायचं, दुरुस्त होऊन आलं की पाठ करायचं, आणि मगच तोंडातून काढायचं. कचेरीत पोस्टकार्डसुद्धा असंच बाहेर पडायचं.

“तोवर समोरचं माणूस निघून जाईल की,” प्रभाताई म्हणाल्या.

“जाऊ दे. पण चुकीचं ऐकून नको जायला.”

प्रभाताई लिहायच्या, अवधूतराव लाल करायचे. एखादं वाक्य त्यांनी तोंडीच म्हणून पाहिलं की अवधूतराव हात वर करायचे, सिग्नलचा पोलीस करतो तसा. प्रभाताई थांबायच्या. आधी इंग्रजीत थांबायच्या. मग हळूहळू मराठीत सुद्धा ‘काल मी बाजारात’ एवढं म्हणून नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायची सवय लागली. मग बाजारातलं राहूनच जायला लागलं. दूध मुकाट्याने तापायला लागलं.

“वैनी, आजारी हायसा का?” फुलाबाईने एकदा विचारलं. “घर कसं सुनं सुनं वाटतंय.”

“अभ्यास चाललाय तिचा,” अवधूतराव परस्पर म्हणाले. त्यांच्या हिशेबाने प्रगती उत्तम होती. चुका कमी होत होत्या. शेवटी शेवटी तर चुका अजिबातच होईनाशा झाल्या. वाक्यंच होत नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात प्रभाताईंनी एक कागद आणून त्यांच्यापुढे ठेवला. विहिणीला काय सांगायचं ते. वाक्यं मोडकी होती, पण सगळं होतं त्यात. पोर लहानपणी अंधाराला घाबरायची. अजून घाबरते, पण कुणाला सांगत नाही, एक बारीक दिवा राहू द्या. ताप आला की ती दुसरं काही खात नाही, ताकातल्या ज्वारीच्या कण्या तेवढ्या खाते. रागावली की बोलत नाही, कपाट आवरत बसते. आवरू द्या, मग जेवायला हाक मारा, ती येते.

अवधूतरावांनी चष्मा कपाळावर चढवला. “हे असलं सांगतात का, प्रभा? एमबीए झालेली पोर अंधाराला भिते, हे सासूला पहिल्याच भेटीत? लोक काय म्हणतील?”

“लोकांना कुठं सांगायचंय? त्यांना सांगायचंय.”

“अगं, प्रसंग काय, मजकूर काय. हे सगळं खासगी आहे.” आणि त्यांनी वरपासून खालपर्यंत एक तिरकी लाल रेघ मारली. रेघ अगदी सरळ आली होती. खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात दुसरा मजकूर लिहून दिला. त्यात अत्यानंद होता, उभय कुटुंबं होती, दोन संस्कृतींचा मिलाफ होता. ज्ञानदाचं नाव त्यात एकदा आलं होतं, सुरुवातीला. प्रभाताईंनी तो कागद वाचला, घडी केली आणि पर्समध्ये ठेवला. मान्य झालं असं अवधूतरावांना वाटलं.

लग्न छान झालं. पाठवणीच्या वेळी कार्यालयाच्या दारात गाडी उभी होती, सनईची कॅसेट लावली होती, ज्ञानदा आईच्या खांद्यावर रडून बाजूला झाली होती. तेवढ्यात विलासिनीबाई स्वतःहून पुढे आल्या. सोनेरी काठाच्या पांढऱ्या साडीतली ती उंच बाई, तिने प्रभाताईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि अगदी सावकाश, शब्द सुटे करत इंग्रजीत म्हणाली, “मला तुमच्या मुलीबद्दल सांगा.”

याहून सोपा प्रश्न कुणी कुणाला विचारलेला नाही. प्रभाताईंचे ओठ हलले. मग त्या इकडे तिकडे बघायला लागल्या.

“काय शोधतेस?” अवधूतराव हळूच म्हणाले.

“खुर्ची.”

“आता बसायची वेळ आहे का? सगळे उभे आहेत.”

प्रभाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सही झाली आहे का, असं कारकून साहेबाकडे बघतो, तसंच. आणि अवधूतराव घसा खाकरून पुढे झाले. बायको अडली, आपण सावरून घेतलं पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं, यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ते बोलले. अत्यानंद, उभय कुटुंबं, मिलाफ, सगळं एकाही चुकीशिवाय बोलले. वऱ्हाडातल्या काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. विलासिनीबाई मान डोलवत ऐकत राहिल्या, आणि ऐकता ऐकता त्यांनी प्रभाताईंचे हात सोडले. कारण आता बोलणारा माणूस दुसरा होता आणि त्याच्याकडे बघणं भाग होतं. प्रभाताई शेवटी “थँक्यू” म्हणाल्या. गाडी सुटली.

“लई भारी बोललात ओ सेक्रेटरी,” महादेवप्पा म्हणाले. “मला कायबी कळलं न्हाय, पण मधे श्वास घेतला न्हाय तुमी.”

महिन्याभराने ज्ञानदाचा फोन आला. स्पीकरवर बोलत होती. “आई, गंमत सांगू? अम्मा मला म्हणाल्या, तुझी आई फारशी बोलत नाही, नाही का? शांत स्वभाव आहे त्यांचा. मला इतकं हसू आलं. माझी आई आणि शांत!”

ती तिकडे हसत होती. अवधूतरावही सवयीने हसायला गेले, आणि त्यांनी समोर पाहिलं. प्रभाताई मेथी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. ‘हो’ नाही की ‘नाही’ नाही. तेव्हा अवधूतरावांच्या एकदम लक्षात आलं, की घरात पंख्याचा आवाज येतो. इतकी वर्षं पंखा होता, आवाज कधी आला नव्हता.

मग त्यांनी आपल्या परीने उपाय सुरू केले. भिंतीवरचा तक्ता काढला; खाली रंग उडाला. पेपर बाजूला ठेवून “बाजारात काय म्हणतायत?” असं विचारून पाहिलं. प्रभाताई म्हणाल्या, “काही नाही.” ते हुस्नाकडे माफी मागायला खाली गेले, तर दाराला कुलूप. तिला अक्कलकोटच्या एका शाळेत नोकरी लागली होती आणि ती तिकडेच राहायला गेली होती. ना हरकत दाखल्यावर अवधूतरावांनीच सही केली होती, न वाचता. शेवटी त्यांनी नोटीस लावली, ‘सभासद भगिनींना इंग्रजी संभाषणासाठी हॉल व खुर्च्या रोज दुपारी चार वाजता उपलब्ध करून देण्यात येत आहेत.’ स्वतः जाऊन कुलूप काढलं, दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, आणि वाट बघत बसले. कुणी आलं नाही. शिकवणाराच नव्हता, तर येणार कोण? गौरम्मा दारावरून गेल्या, डोकावल्या आणि काही न बोलता पुढे गेल्या. कन्नडमधून काही बोलल्या असत्या तरी चाललं असतं.

असेच दिवस चालले होते, आणि एका संध्याकाळी प्रभाताईंच्या फोनवर विलासिनीबाईंचं नाव आलं. प्रभाताईंनी फोन उचलून तसाच नवऱ्याच्या हातात दिला.

ज्ञानदाला ताप आहे, विलासिनीबाई सांगत होत्या. घाबरण्यासारखं नाही, व्हायरल आहे, मी नर्स आहे, मला कळतं. पण ती काही खात नाही. पेज दिली, इडली दिली, ब्रेड दिला. तोंड फिरवते. मुलाची रात्रपाळी, आत्ताच गेला कामावर. त्यालाही माहीत नाही. आजारी असली की ती काय खाते?

अवधूतरावांकडे इंग्रजी सगळं होतं. उत्तर नव्हतं. आजारपणात पोर काय खाते, हे त्यांना कुणी कधी सादर केलं नव्हतं. त्यांनी फोनवर हात ठेवला. “प्रभा, तिला ताप आलाय. ती काय खाते तापात?”

“लिहून दिलं होतं की तुम्हाला,” प्रभाताई म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, “ताकातल्या कण्या. तिच्या बॅगेत तळाशी निळ्या पिशवीत बांधून दिल्यात. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या आहेत.”

कण्यांना इंग्रजीत काय म्हणतात, ते अवधूतरावांना येईना. त्यांनी ज्वारी सांगितली, भरडणं सांगितलं, निळी पिशवी सांगितली. मग विलासिनीबाई म्हणाल्या, “ते होय? मला वाटलं पक्ष्यांसाठी आहे. मी रोज सकाळी गच्चीवर मूठभर टाकते.”

हे ऐकून प्रभाताईंच्या तोंडून हसू फुटलं. एवढंसंच. पण अवधूतरावांना ते केवढं मोठं वाटलं. “अजून थोड्या उरल्यात म्हणतात,” त्यांनी घाईघाईने सांगितलं. “पुढे सांग, कशा करायच्या?”

आणि प्रभाताई सांगायला लागल्या. आधी कण्या धुवायच्या, शिजवायच्या, ताक मागून घालायचं. अवधूतराव ऐकायचे आणि इंग्रजीत सांगायचे. साहेबाने सांगावं आणि कारकुनाने लिहून घ्यावं, तसं चाललं होतं. फरक एवढाच की आता दुरुस्ती करायला कारकुनाला काही येत नव्हतं. “आणि म्हणावं,” प्रभाताई म्हणाल्या, “तापात तिला अंधारात ठेवू नका. दिवा राहू द्या बारीक. लहानपणी मी रात्रभर ठेवायचे.”

“आपल्याकडे? तो देवापुढचा होता ना?”

“तुम्ही विजेच्या बिलावरून बोलायचात, म्हणून देवाचा म्हणायचे.”

अवधूतरावांनी हे पण इंग्रजीत सांगितलं, बिलाचं वगळून.

“रोज रात्री ती उठून पॅसेजमधला दिवा लावते,” विलासिनीबाई म्हणाल्या. “मला वाटायचं विसरते. मी रोज बंद करते. इतके दिवस, रोज, मी स्वतः उठून बंद करते आहे.” त्यांचा आवाज बदलला होता. “मी त्या दिवशी विचारलं होतं. मला कुणी का सांगितलं नाही?”

ही बाई तक्रार करत नव्हती, नुसतं विचारत होती. आणि अवधूतराव बोरामणीकर, ज्यांच्या उत्तरावर समोरचा पुन्हा पत्र पाठवत नसे, ते फोन कानाला लावून नुसते उभे राहिले. त्या तिरक्या रेघेची त्यांना आठवण झाली. किती सरळ आली होती.

“तिच्या आईला द्या फोन,” विलासिनीबाई म्हणाल्या. “मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. त्यांना सांगा, चुकलं तरी चालेल. आमच्या वॉर्डात सगळे चुकीचंच बोलायचे.”

अवधूतरावांनी हे शब्द जसेच्या तसे सांगितले आणि फोन पुढे केला. प्रभाताईंनी घेतला. घेतला आणि परत नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तसंच, सहीसाठी बघतात तसं. आपण इथं उभे राहिलो तर ही बोलणार नाही, हे या वेळी अवधूतरावांना कळलं. ते तडक स्वयंपाकघरात गेले. तिथूनही शब्द ऐकू आले असते, आणि आपल्याला ऐकू जातंय असं वाटून ती परत थांबली असती. म्हणून त्यांनी मिक्सर लावला. चांगला तिसऱ्या नंबरवर लावला, आणि तो घरघरत असताना शेजारी हात बांधून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा बायकोसाठी काहीतरी शहाणपणाचं केलं, असं वाटून त्यांना जरा भरूनही आलं.

बऱ्याच वेळाने बंद करून बाहेर आले, तर प्रभाताई जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या होत्या. फोन मांडीवर होता, बंद.

“झालं बोलणं?”

“कुठलं बोलणं? तुम्ही मिक्सर लावलात. त्यांना माझं ऐकू येईना, मला त्यांचं. दोघी हॅलो हॅलो करत बसलो. शेवटी त्या म्हणाल्या असतील कण्या करायला जाते, ठेवला फोन.” त्या थांबल्या. “काय वाटायला घेतलं होतंत या वेळी?”

“काही नाही. रिकामाच होता. तुला मोकळं बोलता यावं म्हणून.”

“रिकामा मिक्सर फिरवतात का कुणी? पाती जातात त्याची. मागच्या दिवाळीत गौरम्मांकडचा असाच गेला, भांडंच बदलावं लागलं त्यांना, आणि ते पण दुकानदाराने भलतंच दिलं, झाकण बसेना…”

त्या कितीतरी वेळ बोलत होत्या. अवधूतराव उभ्या उभ्या ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं, की टेबलाच्या दोन खुर्च्या भिंतीपासून ओढून प्रभाताईंनी समोरासमोर केल्या आहेत, आणि त्या डावीकडच्या खुर्चीत बसल्या आहेत.

“काय सांगणार होतीस त्यांना?” त्यांनी विचारलं.

“सांगायला लागलेच होते की,” प्रभाताई म्हणाल्या. “शी वॉज स्मॉल, एवढं झालं आणि तुमचा मिक्सर लागला.”

वाक्य बरोबर होतं. तसं सांगावं, हे अवधूतरावांच्या अगदी ओठांवर आलं. पण आता तपासायचं नाही असं त्यांनी नुकतंच मनाशी ठरवलेलं होतं, म्हणून ते गप्प राहिले. प्रभाताई उठल्या आणि खुर्च्या जागेवर लावायला लागल्या. निदान तेवढं तरी सांगायला हवं होतं, असं अवधूतरावांना पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.